टेनपिन बोलिंग : बॉलचा वेग ताब्यात कसा आणायचा?

सरळरेघ

नमस्कार मंडळी. बोलिंगवर इथे अधूनमधून लिहिलं जातं, पण वेगावर स्वतंत्र धागा सापडला नाही, म्हणून काढतेय.

मी उजव्या हाताने, चार पावलांच्या अप्रोचने (बॉल सोडण्याआधीची चाल; ती चालायच्या जागेलाही अप्रोचच म्हणतात) आणि १२ पौंडांच्या बॉलने खेळते. थोडा हुक आहे, म्हणजे बॉल शेवटी वळतो. नेम बऱ्यापैकी बसतो, म्हणजे लेनवर आखलेल्या बाणांपैकी उजवीकडून दुसऱ्यावरून बॉल न्यायचा ठरवलं तर तिथूनच किंवा एखाद्या बोर्डाच्या (लेनच्या अरुंद पट्टीच्या) फरकाने जातो. तरीही निकाल दर वेळी वेगळा. एकदा पॉकेटमध्ये, म्हणजे १ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या फटीत, मस्त घुसतो. पुढच्या वेळी त्याच बाणावरून जाऊन हेड पिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या १ नंबरच्या पिनेच्या, नाकावर आदळतो आणि ४-६-७-१० नंबरच्या पिना समोर उभ्या राहतात (नंबर पुढून मागे, ओळीत डावीकडून उजवीकडे). त्याच्या पुढच्या वेळी हेड पिनला जेमतेम चाटून निघून जातो.

पडद्यावरच्या वेगाच्या आकड्याकडे लक्ष द्यायला लागले तेव्हा उलगडा झाला. तो ताशी २१ किमीपासून २७ किमीपर्यंत कुठेही असतो. बॉल तोच, बाण तोच, वेग मात्र दर वेळी निराळा. मुद्दाम हळू टाकायला जावं तर बॉल हातातून गळून पडल्यासारखा होतो, आणि जोर लावला की डावीकडे ओढला जातो.

तर प्रश्न दोन. वेग नेमका किती असावा? आणि दंडाचा जोर न लावता तो कमीजास्त कसा करायचा? सविस्तर लिहा, वाचायची तयारी आहे.

दहावी_पिन

सरळरेघ, दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंय. बाण फाउल लाइनपासून (बॉल सोडताना जी ओलांडायची नाही ती रेघ) साधारण १२ ते १६ फुटांवर असतात आणि हेड पिन ६० फुटांवर. म्हणजे बाण ओलांडल्यावरही बॉलला ४४-४८ फूट जायचं असतं, आणि त्या पट्ट्यात तो किती वळणार हे फार करून वेगावर ठरतं.

लेनच्या पहिल्या ४० फुटांच्या आसपास तेल असतं, पुढचा भाग कोरडा. तेलावर बॉल घसरतो, कोरड्या भागात त्याला पकड मिळते आणि तो वळतो, वळून झालं की नुसता गडगडत जातो. वेग वाढला की घसरण लांबते आणि वळायला जागाच उरत नाही. वेग कमी झाला की बॉल लवकर पकड घेतो, गरजेपेक्षा जास्त वळतो आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्याच्यात दम राहत नाही. तुमच्या नाकावरच्या आदळण्याचं आणि चाटून जाण्याचं कारण हेच असणार.

किती असावा याला एकच आकडा नाही. बॉल फिरवून टाकणाऱ्या प्रौढ खेळाडूंमध्ये हातातून सुटताना ताशी २५ ते २९ किमी हा पट्टा सर्रास दिसतो. पडद्यावर बहुतेक ठिकाणी त्याहून कमी दिसेल, कारण घर्षणाने वेग वाटेत घटतो आणि सेन्सर बहुधा पुढे कुठेतरी बसवलेला असतो. दोन जागांच्या पडद्यांची तुलना करू नका. एकाच लेनवर तुमचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत तेवढं पाहा.

आणि आकड्यापेक्षा पिनांकडे जास्त बघायला शिका. उजव्या हाताने खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त छळते ती १० नंबर. हिट पॉकेटमध्ये बसला तरी ती उभी राहिली, तर ६ नंबरची पिन कुठे गेली ते बघायचं. ती १० च्या मानेला वळसा घालून सपकन गेली असेल तर बॉलमध्ये जोर होता, कोन केसाने चुकला. ती मुकाट्याने उजव्या गटरमध्ये (लेनच्या कडेच्या पन्हळीत) आडवी पडून राहिली असेल तर बॉल पिनांतून रेटून गेला नाही, बाजूला ढकलला गेला. आता तो का ढकलला गेला? एक तर हळू असल्याने आधीच वळून दमला होता, नाहीतर जास्त वेगामुळे अजून घसरतच होता. पिना मोजण्याआधी बॉलची शेवटच्या १५ फुटांतली वाट डोळ्यांत साठवली असेल तरच यातलं कोणतं ते कळेल. बहुतेक जण बॉल सोडला की लगेच मान वर करून पिनांकडे बघतात, आणि सगळी माहिती तिथेच वाया जाते.

लोलक

धागा आवडला. दहावी_पिन यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी आकड्यांच्या बाजूने थोडी भर घालतो.

पडद्यावर विश्वास नसेल तर फोन पुरे. बाजूने व्हिडिओ घ्या. बॉल लेनला टेकल्यापासून हेड पिनला लागेपर्यंतचा वेळ सेकंदांत काढा आणि ६६ ला त्याने भागा. आला तो साधारण सरासरी वेग, ताशी किमीमध्ये. ६० फूट म्हणजे १८.२९ मीटर, त्यावरून हा ६६ येतो. २.४ सेकंद लागले तर २७.५, २.६ ला २५.४, २.८ ला २३.६. बघा, ०.२ सेकंदांच्या फरकात दोन किमी गेले. नुसत्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, बॉलच्या वाटेत मात्र तो लख्ख दिसतो.

आता वेग आणि फिरकी यांचं नातं. बॉलचा घेर साधारण २७ इंच, म्हणजे ०.६८६ मीटर. ताशी २७ किमी म्हणजे सेकंदाला ७.५ मीटर. या वेगाने जाणारा बॉल अजिबात न घसरता गडगडायचा असेल तर त्याला सेकंदाला जवळजवळ ११ फेरे, म्हणजे मिनिटाला साडेसहाशेच्या वर फेरे हवेत. चांगल्या क्लब खेळाडूच्या हातातून बॉल सुटतो तेव्हा ते ३०० च्या आसपास असतात. त्यामुळे बॉल घसरतच निघतो. पुढे जाता जाता घर्षण पुढचा वेग खातं आणि फेरे वाढवतं. ज्या क्षणी दोन्हींचा मेळ बसतो त्या क्षणी घसरणं थांबतं, आणि घसरणं थांबलं की वळणंही थांबलं.

म्हणून 'माझा वेग योग्य आहे का' हा प्रश्न एकटा सुटत नाही. 'माझ्या फिरकीच्या मानाने योग्य आहे का' असं विचारावं लागतं. फेरे कमी आणि वेग जास्त असेल तर मेळ बसायच्या आतच पिना येतात. फेरे खूप आणि वेग कमी असेल तर मेळ फार आधी बसतो आणि उरलेलं अंतर बॉल निर्जीवपणे कापतो. फेरे मोजायचे तर बॉलवर पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवा, व्हिडिओ हळू चालवा आणि सुटल्यावरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात पट्टी कितीदा वर येते ते बघा. अडीच फेरे दिसले तर मिनिटाला ३००.

चारपावले

गणित ठीक, पण ताईंचा दुसरा प्रश्न राहूनच गेला. वेग येतो पायांतून. अप्रोचवर तुम्ही ज्या चालीने येता तीच चाल बॉलमध्ये उतरते. हळू हवा तर हळू चाला, जोरात हवा तर पाय उचला. इतकं सोपं आहे.

करून बघा : बॉल न घेता फाउल लाइनपर्यंत चाला, मनात एक-दोन-तीन-चार मोजत. मग तेच जरा संथ लयीत, मग जरा जलद. तिन्ही लयी पायात बसल्या की मगच बॉल उचला. सुरुवातीचं पाऊल नेहमी छोटं आणि सावकाश, शेवटून दुसरं पाऊल जोराचं, शेवटचं घसरतं. धावतपळत सुरुवात करणारे शेवटी नेमके थबकतात आणि मग दंडाने भरपाई करतात.

लोलक

चारपावले, पायांचा वाटा मोठा आहे हे मान्य. 'इतकं सोपं' आहे हे मात्र मान्य नाही, कारण नुसते पाय बदलले की टायमिंग मोडतं.

हात सैल असेल तर खांद्यापासून लोंबणारा बॉल झोपाळ्यासारखा असतो. झोपाळ्याचा फेरा किती उंचीवरून सुरू झाला यावर त्याला लागणारा वेळ फारसा बदलत नाही. खूप मोठ्या झोक्याला थोडा जास्त लागतो, एवढंच. तळाशी येणारा वेग मात्र उंचीनुसार चांगलाच बदलतो. बॉल तळापेक्षा ६० सेंटिमीटर उंचीवरून मोकळा खाली आला तर तळाशी त्याला ताशी १२ किमी वेग मिळतो, १ मीटरवरून आला तर १६. बॉल जड की हलका याने काही फरक पडत नाही. यात शरीराचा पुढे सरकण्याचा वेग आणि पायाचा रेटा मिळवला की एकूण वेग तयार होतो.

याचा अर्थ असा की उंची बदलली तर वेग बदलतो आणि लय जवळपास तीच राहते. पाय जलद केले आणि झोका तसाच ठेवला, तर पाय आधी पोचतात आणि बॉल अजून मागेच असतो. मग खांदा फिरवून त्याला ओढून आणावं लागतं. सरळरेघ यांचा जोराचा बॉल डावीकडे जातो तो बहुधा यामुळेच. उलट पाय फार रेंगाळले तर बॉल आधी येतो आणि पाय अजून रोवलेला नसतो. 'गळून पडल्यासारखा' हे त्याचंच वर्णन आहे.

म्हणून आधी उंची. उभं राहताना बॉल छातीशी धरत असाल तर हळू टाकण्यासाठी तो कमरेशी आणा, जोरासाठी खांद्याशी न्या. पुढे ढकलण्याची पद्धत तीच ठेवा. जितक्या उंचावरून तो खाली येईल तितका मागे वर जाईल, तुम्ही काही करायचं नाही.

चारपावले

लोलक, शेवटच्या परिच्छेदाशी माझा वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की अनेकांचा मागचा झोका मुळात मोकळा नसतो. बॉल वर धरला तरी ते तो खाली 'नेतात', पडू देत नाहीत. त्यांना उंचीचा फायदा मिळणारच नाही. अशांना पायांनीच सुरुवात करावी लागते, कारण पाय सगळ्यांना हलवता येतात. पुढे झोका मोकळा झाला की तुमचा उपाय वापरावा.

आणि मोठा बदल हवा असेल, म्हणजे दोन-तीन किमीच्या वर, तर दोन्ही एकदम लागतात. बॉल खाली आणि पावलं आखूड, किंवा बॉल वर आणि शेवटची दोन पावलं जोरकस. एकाच गोष्टीवर सगळा भार टाकला की तीच बिघडते.

दहावी_पिन

दोघांचंही बरोबर आहे आणि मला वाटतं क्रमाचाच काय तो फरक आहे. मी शिकवताना आधी झोका मोकळा करून घेते, मग उंची, मग पाय. झोका मोकळा आहे का हे बघायची माझी खूण म्हणजे बोटांची पेरं. खेळाडू अप्रोचवर उभा असतो तेव्हा अंगठ्याची आणि दोन बोटांची भोकांबाहेर दिसणारी पेरं मी जवळून बघते. पेरं पांढरी पडली असतील तर तो बॉल आवळतोय. मनगटापासून कोपरापर्यंतची शीर ताठ दिसते, खांदा कानाकडे चढलेला असतो. अशा हाताचा झोका खाली येताना अडखळतो आणि तळाशी धक्का देतो. तो धक्का दर वेळी सारखा देणं कुणालाच जमत नाही. तुमच्या २१ ते २७ मधला मोठा हिस्सा इथूनच येत असणार.

मी त्यांना बॉल दुसऱ्या हातावर पेलायला लावते. वजन डाव्या तळव्यावर, उजवा हात नुसता बोटं घालून. पहिल्या पावलाबरोबर डावा हात बॉल पुढे सोपवतो. तेवढ्याने पेरांचा रंग परत येतो.

डावखुरा

आवळण्याचा विषय निघालाच आहे तर बॉलच्या भोकांबद्दल बोललं पाहिजे, कारण हे कुणी सांगत नाही.

अंगठ्याचं भोक सैल असेल तर माणूस बॉल आवळणारच, त्याला कितीही 'सैल सोड' सांगा. बॉल मागे निसटेल ही भीती हाताला असते. घट्ट असेल तर अंगठा अडकतो, बॉल उशिरा सुटतो, हवेत उडून लेनवर धपकन पडतो आणि त्यात वेग जातो. अंगठ्याचं भोक आणि बोटांची भोकं यांच्यातलं अंतर तळव्याला जुळत नसेल तर तेच. तिथल्या तिथे मिळणाऱ्या सार्वजनिक बॉलवर वेग ताब्यात आणणं म्हणूनच इतकं अवघड असतं, त्यांची भोकं सगळ्यांना बसावीत अशी मोठी पाडलेली असतात.

स्वतःचा बॉल हाताच्या मापाने पाडून घेतला की निम्मं काम होतं. अंगठा खेळता खेळता फुगतो आणि आक्रसतोही, त्यामुळे भोकात टेपचे तुकडे लावायचे किंवा काढायचे. मी पहिल्या गेमला जितके लावतो त्यातले एखाददोन पुढे निघतात. हे करायचा आळस केला की वेग आधी बदलतो आणि माणूस दोष पायांना देतो.

वजनाचं म्हणाल तर नियमाने १६ पौंड ही कमाल मर्यादा. जड बॉल पिनांना धडकून कमी ढळतो हे खरं. पण झोका पूर्ण घेता येत नसेल तर त्याचा उपयोग नाही. पूर्ण, मोकळा झोका घेता येईल तो सर्वांत जड बॉल तुमचा.

मधलीवाट

धागा वाचतोय. एक शंका. टीव्हीवर दिसणारे व्यावसायिक खेळाडू तर सणसणीत वेगाने टाकतात. मग आपण हळू टाकण्याचा एवढा विचार का करायचा? जमेल तितका वेग वाढवत जाणं आणि नंतर त्याला सवय करणं हा सरळ मार्ग वाटतो.

लोलक

मधलीवाट, त्यांच्या वेगाच्या जोडीला फिरकी असते. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी दोन हातांनी टाकतो, अंगठा भोकात घालत नाही, आणि त्याचे फेरे सामान्य खेळाडूच्या कितीतरी पुढे आहेत. इतक्या फिरकीला वेग लागतोच, नाहीतर बॉल अर्ध्या लेनवरच वळून जाईल. त्याच्या नावावर व्यावसायिक दौऱ्याच्या १५ प्रमुख स्पर्धा आहेत. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर घ्या. फिरकी बेताची, वाट बरीचशी सरळ, आणि त्याच दौऱ्यावर ४७ विजेतेपदं. दोघांची शैली एकमेकांच्या जवळपासही नाही. दोघांतलं साम्य बघायचं तर आपल्या फिरकीला साजेशा त्याच वेगाने ते पुन्हा पुन्हा टाकू शकतात हे आहे.

आपण ३०० फेऱ्यांवर त्यांचा वेग उचलला तर बॉल तेलावरून घसरत थेट पिनांत जातो. सरळ जाणाऱ्या बॉलला पॉकेटमध्ये शिरण्याचा कोनच मिळत नाही. हुकवाल्यांना ४ ते ६ अंशांचा कोन साधता येतो, सरळ बॉलला त्याच्या निम्माही कठीण. पॉकेटच्या आदर्श स्ट्राइकमध्ये (पहिल्याच बॉलने दहाही पिना पडतात तेव्हा) उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल स्वतः फक्त १, ३, ५ आणि ९ याच पिनांना लागतो, बाकीच्या सहा पिना पिनांनीच पडतात. कोन कमी असला की बॉल ३ वर आपटून उजवीकडे ढळतो आणि ५ पर्यंत पोचत नाही. तुम्हाला कधी भरधाव, नेमक्या जागी बसलेल्या हिटनंतर मधोमध एकटी ५ उभी दिसली असेल, ती याचीच साक्ष.

मधलीवाट

५ उभी राहण्याचं कोडं मला कायम पडायचं. धन्यवाद. वेगळ्या नजरेने बघतो आता.

निशिगंध

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याचं उलट आहे. अक्षरशः धावत येतो आणि बॉल फेकतो. कधी स्ट्राइक, कधी थेट गटर. त्याला हळू कसं करावं? रागावून उपयोग होत नाही.

दहावी_पिन

निशिगंधताई, रागावू नका, त्या वयात वेग हीच मजा असते. त्याला 'हळू टाक' म्हणू नका. मुलं मग दंड आखडतात आणि बॉल अजून वाईट जातो. त्याला दुसरं काम द्या. बॉल सोडल्यावर घसरत्या पायावर तोल सांभाळून उभं राहायचं, बॉल पिनांना लागेपर्यंत हलायचं नाही. धावत आलेल्या मुलाला हे जमत नाही, म्हणून तो आपोआपच चाल कमी करतो. जमलं की कौतुक स्ट्राइकचं न करता तोलाचं करा.

बॉलचं वजनही तपासा. मुलं पुष्कळदा मोठ्यांचं बघून जड बॉल उचलतात आणि तो ओढत नेण्यासाठी धावतात. हलका बॉल दिला की धावण्याची गरजच संपते. आणि अप्रोचवर ओलसर बूट नाहीत ना हे दर वेळी बघा. धावताना पाय अडकला तर गुडघ्यावर बेतेल.

निशिगंध

तोलाची युक्ती आवडली. नक्की करून बघते.

सरळरेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलात कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मध्यंतरी बरंच करून पाहिलं. आधी अंगठ्याच्या भोकात टेप लावली. डावखुरा म्हणाले ते खरंच होतं, भोक सैल होतं आणि मी आवळत होते. मग बॉल डाव्या तळव्यावर पेलायला लागले. पायांना हातही लावला नाही. आता आकडे २३ ते २५ मध्ये राहतात. ताण नाही, आणि गंमत म्हणजे दमही कमी लागतो.

तीन उंच्या ठरवल्या आहेत : कंबर, पोट आणि छातीचा वरचा भाग. मधली माझी नेहमीची. कमरेवरून बॉल खरोखरच हळू जातो आणि गळत नाही. वरची अजून भरवशाची नाही, तिथे खांदा मध्ये येतो.

नवा प्रश्न असा. पहिला गेम छान जातो, तिसऱ्या गेमपर्यंत तोच बॉल त्याच वेगाने लवकर वळायला लागतो आणि नाकावर जातो. तेव्हा वेग वाढवायचा का?

डावखुरा

शेवटचा उपाय म्हणून. तेल एका जागी राहत नाही. सगळ्यांचे बॉल त्याच वाटेने जाऊन तिथलं तेल उचलतात, म्हणून पकड आधी मिळते. पहिला उपाय म्हणजे जागा बदला. उजव्या हाताने खेळत असाल तर पाय दोन बोर्ड डावीकडे आणि नेम एक बोर्ड डावीकडे. म्हणजे बॉल जास्त तेलातून जातो. वेग, झोका, लय काहीच बदलावं लागत नाही. मी डावखुरा असल्याने सगळं उलट करतो, पण आमच्या बाजूने खेळणारे कमी असल्याने तिथलं तेल जास्त टिकतं, हे मात्र आमचं नशीब.

दुसरा उपाय बॉल बदलणे. खरखरीत पृष्ठभागाचा बॉल लवकर पकड घेतो, चकचकीत बॉल लांब घसरतो. ५०० ग्रिटने (खरखरीत घासकागदाने) घासलेला आणि पॉलिश केलेला असे दोन बॉल हातात घेऊन बघा, नखाने खरवडूनही फरक कळतो. पॉलिशवाल्याने तुम्हाला वेग न वाढवताच तीन-चार फूट जास्त घसरण मिळेल.

दहावी_पिन

+१. वेग वाढवायचाच असेल तर एका पायरीने, म्हणजे तुमच्या मधल्या उंचीवरून वरच्या उंचीवर. पण सरळरेघ, तुम्हीच लिहिलंय की वरची उंची अजून भरवशाची नाही. मग स्पर्धेत ती वापरू नका, सरावात पक्की करा. सरावात एक काम करा : तिन्ही उंच्या एकामागून एक, त्याच क्रमाने, स्कोअर न बघता. वरच्या उंचीला खांदा मध्ये येतोय म्हणजे बॉल जरा आत, छातीच्या मधोमध धरला जातोय. तो उजव्या खांद्याच्या रेषेत धरा, झोका वर्तुळ न मारता सरळ मागे जाईल.

स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडताना, मात्र वेग वाढवणं चांगलं. एकटी १० घ्यायची असेल तेव्हा हुक नकोच असतो. प्लास्टिकचा बॉल, मनगट सरळ, उंची वरची. प्लास्टिकला पकड कमी असल्याने तो थेट जातो. आणि डावीकडच्या पिनांसाठी आपण ३-६-९ बोर्डांचा हिशोब वापरतो ना, म्हणजे २ नंबरसाठी उभं राहायची जागा उजवीकडे ३ बोर्ड, ४ साठी ६, ७ साठी ९, तो हिशोब तुमच्या स्ट्राइकच्या वेगावर बांधलेला असतो. स्पेअरला वेगळ्या वेगाने टाकलंत तर तो तंतोतंत लागू पडणार नाही. तेव्हा डावीकडच्या पिना नेहमीच्या बॉलने, नेहमीच्या वेगाने, आणि १० प्लास्टिकने जोरात, असे दोन ठराव करून टाका.

चारपावले

हे वाचून मलाही उंचीचा प्रयोग करावासा वाटतोय. लोलक, एक सांगा, पाच पावलांच्या अप्रोचला बॉल पुढे कधी ढकलायचा? उंच धरला तर आधी सुरू करावं लागतं का?

लोलक

पाच पावलांत पहिलं पाऊल नुसतं चालायचं, ढकलणं दुसऱ्या पावलाबरोबर. उंच धरल्यावर बॉलला खाली यायला किंचित जास्त वेळ लागतो, त्यामुळे काहींना ढकलणं अर्ध्या पावलाने आधी सुरू करावं लागतं. व्हिडिओत एकच फ्रेम तपासा : शेवटून दुसरा, जोराचा पाय जमिनीला टेकतो तेव्हा बॉल मागच्या झोक्याच्या टोकाशी असावा. तो वर जातच असेल तर ढकलणं आधी हवं, खाली यायला लागला असेल तर उशिरा.